खुरासानी चिंच

मांडवला जायचं म्हटलं की मामांचा पहिला थांबा जहाज महाल नसतो, चिंचवाली असते. रस्त्याकडेला पोतं अंथरून, दुध्याएवढी मखमली लवेची हिरवट फळं मांडून एखादी बाई बसलेली दिसली की गाडी थांबलीच पाहिजे. मग फळ फोडायचं, आतला पांढरा पिठूळ आंबट गर तिथंच तोंडात टाकायचा आणि चेहरा वाकडा करत म्हणायचं, ‘‘खुरासानी चिंच! आणि खुरासानचा हिच्याशी काडीचा संबंध नाही. झाड मुळात आफ्रिकेतलं.’’

‘‘मग नाव खुरासानी का?’’

‘‘अगं, मालाचं गाव विकणारा सांगतो. घेणारा कशाला चौकशी करतोय?’’

ह्याच वाक्यावर पुढे काही तासांत मी त्यांना पकडणार होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

मामा 78 वर्षांचे. जन्म धारचा, नोकरी धारच्याच शाळेत, विषय इतिहास. त्यांचे आजोबा धार दरबारच्या खासगीत कारकून होते. मी देवासला वकिली करते. बहुतेक मजुरांची प्रकरणं. भांडण आदल्या रात्री सुरू झालं होतं. धार जिल्ह्यातली काही भिल्ल कुटुंबं ऊसतोडीच्या टोळीतून कशीबशी निसटून आली होती. त्यांच्यासाठी केलेल्या अर्जाचा कच्चा खर्डा माझ्या पिशवीत होता. मामांनी तो वाचला आणि लाल पेनाने एका शब्दाखाली रेघ ओढली. शब्द होता ‘गुलाम’.

‘‘हा काढ,’’ ते म्हणाले. ‘‘कर्जात अडकलेले मजूर म्हण, वेठबिगार म्हण. गुलामगिरी म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? जहाजाच्या तळाशी साखळदंडात आणलेली माणसं, लिलावाचा ओटा, मिसिसिपीकाठचे कापसाचे मळे. माळव्यात असा एक मळा दाखव मला.’’

‘‘मळा नाही दाखवता येणार, मामा. माजघर दाखवते.’’

‘‘उद्या मांडवला दाखव,’’ असं म्हणून ते झोपायला गेले. ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो माणूस सहल काढतो.

जहाज महालाच्या गच्चीवर वारा छान होता. एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव. मामा मास्तरच, त्यांना गप्प बसवत नाही. माळव्याचा सुलतान गयासुद्दीन 1469 साली गादीवर आला, राज्याचा कारभार मुलावर सोपवला आणि आपला जनाना वसवत बसला. फेरिश्ता ह्या इतिहासकाराने त्या जनान्याचं वर्णन करून ठेवलंय: पंधरा हजार बायका, सुलतानाच्या उजव्या हाताला मर्दानी पोशाखातल्या, धनुष्यबाण घेतलेल्या पाचशे तुर्की तरुणी, डाव्या हाताला पाचशे हबशी तरुणी, त्यांच्या हाती बंदुका. फेरिश्ता शंभरएक वर्षांनी लिहीत होता, तेव्हा आकडे मी निम्मे करून घेते. निम्मे केले तरी गाव उरतं.

‘‘आणि नुसत्या नाचगाण्याच्या नव्हेत,’’ मामा रंगात आले. ‘‘शिवणकाम, विणकाम, सोनारकाम, लोहारकाम, सुतारकाम, सगळं शिकवलं होतं त्यांना. कुस्तीसुद्धा. प्रत्येकीला ठरलेला शिधा आणि ठरलेले टंके. म्हणजे वेतनच झालं की! कापसाच्या मळ्यात कुणी कुणाला सोनारकाम शिकवत होतं का?’’

‘‘शिधा महालातल्या पोपट-मैनांनाही तेवढाच होता, असं तुमचाच फेरिश्ता म्हणतो ना?’’

‘‘म्हणतो,’’ मामा हसले. ‘‘तो भाग मी वर्गात गंमत म्हणून सांगायचो.’’

ह्याच सुलतानाचं ‘निमतनामा’ नावाचं पाककृतींचं सचित्र हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रांत मिशाळ सुलतान मध्यभागी बसलेला, आणि भोवती बायका कढया हलवतायत, काही वाटतायत, शिजवतायत. सामोशाचे इतके प्रकार त्यात आहेत की वाचून भूक लागते. पाचशे वर्षांपूर्वीच्या माळव्यात बायका काय काम करत होत्या ह्याचा इतका नेमका पुरावा दुसरा नसेल. पण पुस्तक ज्यांच्या हातच्या चवीचं, त्यांच्यापैकी एकीबद्दलही आपण चार ओळी सांगू शकत नाही. मी हे म्हटलं तर मामा म्हणाले, ‘‘राण्यांबद्दल तरी कितीशा सांगता येतात? बाहेर जायची मुभा नव्हती म्हणशील, तर राणीला कुठे होती? पडदा सगळ्यांनाच.’’

हा मुद्दा बिनतोड होता. मी तलावाकडे बघत बसले. उत्तर सुचायला एक पेरू संपवावा लागला.

‘‘राणीला माहेर होतं, मामा.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तिचा बाप कोण, भाऊ कोण, हे माहीत होतं. तिला मारलं तर निदान कुणीतरी पत्र लिहिलं असतं, तह मोडला असता, निदान रुसवा धरला असता. ह्या पाचशे हबशी पोरींसाठी रुसणारं कुणी उरलं होतं? माझी व्याख्या एवढीच आहे. जिचं माहेर पुसून टाकलं ती दासी. मग तिला सोनं द्या की कोरडा शिधा.’’

मामांनी मान हलवली, पण होकाराची नव्हे. चांगला प्रश्न विचारणाऱ्या पोराला मास्तर हलवतात तशी. ‘‘ठीक. मग मलिक अंबरचं काय करशील? हबशी. लहानपणी विकला गेला, हातोहात फिरला, शेवटी निजामशाहीत आला आणि तिथला कर्ताधर्ता झाला. 1610 साली खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. जमीनधाऱ्याची त्याने लावलेली घडी मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या आठवली गेली. जहांगीर 1617 मध्ये इथेच, ह्या मांडवात, तळ देऊन बसला होता, कशासाठी? दक्षिणेत अंबरला नमवायला पोराला पाठवलं होतं म्हणून. पोराने तह करून आणला तेव्हा ‘शाहजहान’ हा किताब त्याला इथे मिळाला. एका गुलामाला वाकवल्याबद्दल दिल्लीचा शहजादा ‘जगाचा राजा’ होतो! असा गुलाम मिसिसिपीला दाखव.’’

‘‘नाही दाखवता येत. पण तोच जहांगीर आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून त्याला शिव्या देतो, आणि अंबरच्या कापलेल्या मस्तकावर स्वतः बाण मारतोय असं चित्र काढून घेतो. प्रत्यक्षात ते मस्तक त्याला कधी मिळालं नाही, म्हणून चित्रात. अंबर वर चढला हे खरंच. तो पुरुष होता, आणि हातात तलवार होती. कढई हलवणारी कुठे चढली?’’

‘‘त्यांचे मुलगे चढले,’’ मामा म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता.

परतीच्या वाटेवर नालछा लागतं. मामांनी बोट दाखवलं: सर जॉन माल्कमने इथल्या एका जुन्या महालाची डागडुजी करून उन्हाळ्यातला मुक्काम केला होता. पेशवाई बुडाल्यावर माळव्याची व्यवस्था लावायला आलेला हा गोरा जनरल. 1818 साली देवासच्या दोन्ही पात्यांशी आणि 1819 च्या जानेवारीत धारशी तह झाले, त्या सगळ्यात त्याचा हात. त्याने 1823 मध्ये मध्य हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ छापला, आणि त्यात तो लिहितो की माळव्यात गुलाम म्हणजे मुख्यतः बायका, आणि बायका-गुलाम एवढ्या संख्येने असलेला दुसरा प्रांत हिंदुस्थानात बहुधा नसेल. ठाकुरांच्या गढ्यांत, सधन घरांत त्या होत्याच. शिवाय नाचणाऱ्यांच्या ताफ्यांच्या नायकिणी लहान पोरी विकत घेत. दुष्काळात आईबाप विकत, बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पोरं ह्या मुलखातून त्या मुलखात जात.

‘‘माल्कमचा शब्द प्रमाण का?’’ मामा उसळले. ‘‘इंग्रजाला आपला मुलूख रानटी दाखवायचाच होता, त्याशिवाय त्याचं राज्य कसं योग्य ठरणार? आणि स्वतः काय केलं? 1833 मध्ये पार्लमेंटने साम्राज्यातली गुलामगिरी बंद केली, तेव्हा कंपनीचा मुलूख त्यातून चक्क वगळला. इथला कायदा यायला 1843 उजाडलं. तोही संस्थानांना लागू नाही. पुढे 1926 ला जिनिव्हात राष्ट्रसंघाचा गुलामगिरीविरोधी करार झाला, त्यावर हिंदुस्थान सरकारने सही केली ती संस्थानांपुरती पळवाट ठेवून. धार आणि देवास त्या पळवाटेत.’’

‘‘मामा, तुम्ही माझीच बाजू मांडताय.’’

‘‘मी इंग्रजाची लबाडी सांगतोय.’’

‘‘लबाडी कबूल. पण बंद करायचंच राहिलं होतं, म्हणजे काहीतरी चालू होतं.’’

मामांनी काच खाली केली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःहूनच सुरू झाले, आणि इथे मला त्यांचा खरा आदर वाटला, कारण पुढचं सगळं माझ्या उपयोगाचं आहे हे त्यांना दिसत होतं. पेशवाईच्या दप्तरांत ‘कुणबिणी’ आहेत, ते म्हणाले. सरकारच्या कोठीत दळणारी, थट्टीत शेण काढणारी, पागेत, दारूखान्यात राबणारी बाई. मराठी फौजा माळव्यात आणि त्याच्याही वर गेल्या, तिथून बायका धरून आणल्या गेल्या. पवार, होळकर, शिंदे ह्यांच्या मुलूखगिरीचं हे पान आम्ही शाळेत उलटून पुढे जायचो. शिंदळकीचा आरोप शाबीत झालेल्या बाईला सरकार स्वतःच दासी करी. तिची खरेदी-विक्री होई, ती बक्षीस म्हणून दिली जाई, पळाली तर शोध होई. सुटका व्हायची ती म्हातारपणी, काम होईनासं झालं म्हणजे, किंवा बदली बाई दिली तर.

‘‘कुणबीणच का म्हणत?’’ मी विचारलं. ‘‘सगळ्या काही कुणब्यांच्या घरच्या नसणार.’’

‘‘नव्हत्याच. कुणबी म्हटलं की पाणी चालतं. घरात भांडी घासायची, पाणी भरायचं, तर जात चालणारी हवी. विकणारा सांगायचा कुणबीण आहे. मग कधी उघडकीला यायचं की दुसऱ्याच जातीची निघाली, कधी मुसलमान निघाली, आणि सगळ्या घराला प्रायश्चित्त...’’

‘‘म्हणजे खुरासानी चिंच.’’

मामांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरनेही आरशातून पाहिलं. त्याला चिंच एवढाच शब्द कळला असावा, कारण त्याने विचारलं की आणखी घ्यायची आहे का.

प्रायश्चित्त घ्यायचं घराने, हे मात्र मला त्या दिवसापासून सुटत नाही. बाईचं नाव, गाव, जात सगळं खोटं सांगून तिला विकलं. खोटं उघडं पडलं तेव्हा बाटला कोण, तर घेणारा.

धारला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. मामी चहा घेऊन आल्या. मला वाटलं विषय संपला. मामा मात्र ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून पायाने हळूहळू झोका देत म्हणाले, ‘‘आमच्या घरात एक आंदणी होती.’’

त्यांच्या पणजीचं लग्न झालं तेव्हा तिच्या माहेराहून भांडी, पलंग, गाय आली, आणि त्याबरोबर आठ-दहा वर्षांची एक पोरगी आली. आंदण. पणजी गेली, आजी आली, आजीचा संसार झाला, आंदणी चुलीपाशीच. मामांनी पाहिली तेव्हा ती पाठीतून वाकलेली, दात गेलेली, पण पुरण वाटायला दुसरं कुणी बसलेलं तिला चालत नसे. सगळी मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. तिला कुणी कधी मारलं नाही. आजी तिच्याआधी जेवत नसे.

‘‘लहानपणी मला ते तिचं नावच वाटायचं. आंदणी. शारदा, यमुना असतं तसं.’’ झोका थांबला. ‘‘आम्ही तिला घरचीच मानत होतो. हे खोटं नाही, तू वकिली नजरेने बघू नकोस. गुलाम म्हणजे चाबूक. इथे चाबूक नव्हता.’’

‘‘नागपंचमीला कुठे जायची?’’

‘‘कोण?’’

‘‘तुमच्या आत्या यायच्या ना, पंचमीला, दिवाळीला? घरच्या सुना माहेरी जायच्या. ही?’’

मामी आतून म्हणाल्या, ‘‘सासूबाई सांगायच्या, पंचमीला ती दिवसभर कोठीत धान्य निवडत बसायची. कुणी बोलावलं तरी झोक्यावर यायची नाही.’’

मामांना हे माहीत नव्हतं. एकाच घराच्या आठवणी बायकांकडे वेगळ्या आणि पुरुषांकडे वेगळ्या असतात. इतिहासाच्या मास्तरांना दप्तरखान्यात जावं लागतं, मामींना स्वयंपाकघरातून हलावंही लागलं नाही.

इथे लेख संपवला असता तर माझ्या बाजूने छान संपला असता. पण मामा हार मानून गप्प बसणाऱ्यातले नाहीत, आणि जेवणानंतर त्यांनी जे काढलं त्याला माझ्याकडे आजही पुरं उत्तर नाही.

‘‘तुझी व्याख्या मान्य,’’ ते म्हणाले. ‘‘माहेर पुसलं ती दासी. आता ती तुझ्याच अर्जाला लाव. तुझे भिल्ल कुक्षीचे, गंधवानीचे. त्यांना गाव आहे, कुळी आहे, देव आहे. होळीच्या आधी भगोऱ्याला घरी येतात. त्यांचं माहेर कुणी पुसलेलं नाही. मग ते गुलाम कसे? फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेत काळ्यांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, ती साम्य दाखवायला. सगळी दुःखं एकच आहेत म्हणायला नव्हे. रत्नागिरीकडचे लोक मॉरिशसच्या उसात गेले, तिथल्या गुलामांची सुटका झाल्यावर त्यांच्याच जागी. पण करार पाच वर्षांचा होता आणि करार संपत होता. प्रत्येक जुलमाला गुलामगिरी म्हणायला लागलीस तर आंदणीला म्हणायला शब्द उरणार नाही.’’

मी म्हटलं, करार संपतो आणि उचल संपत नाही, हाच तर फरक. मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसताना उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात बाई वेगळी धरतच नाहीत. हंगाम सरतो तेव्हा मुकादमाच्या वहीत फिटलेल्यापेक्षा अंगावर राहिलेलं जास्त. पुढच्या वर्षी तीच टोळी, तोच मुकादम. सौराष्ट्रात भागिया म्हणून जाणाऱ्यांचं तसंच: वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं, पिकाचा चौथा-पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी, आणि त्यातून खाल्लेलं धान्य, औषध, उचल वजा. 1976 च्या कायद्याने वेठबिगारीचं कर्ज रद्दच ठरवलंय. त्यात हाली, कमिया, जीथा, वेट्टी अशी देशभरातली नावं मोजून दिली आहेत, म्हणजे नाव बदलून कुणी निसटू नये. राज्यघटनेच्या 23 व्या कलमात तर इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हाच आपला शब्द आहे. त्या मंडळींना त्याला इंग्रजी प्रतिशब्द पुरेसा वाटला नसावा.

‘‘झालं तर! वेठबिगार लिही. कायद्याचा शब्द आहे, घटनेचा शब्द आहे. गुलाम कशाला?’’

‘‘कारण मामा, भगोऱ्याला घरी येतात ते माझ्याकडे येतच नाहीत. ज्या वर्षी येऊ देत नाहीत, तेव्हा माझ्याकडे येतात. हे लोक होळीला निघाले तर त्यांच्या पोरांना मागे ठेवून घेतलं होतं. फिटल्यावर न्या म्हणाले.’’

मामा काही बोलले नाहीत. मग मीच माझ्याविरुद्धचं प्रकरण काढलं, कारण ते माझ्या मनातून जात नाही. अलीराजपूर, झाबुआ आणि आमच्या धारची माणसं गोध्र्याकडे गारगोटी दळायच्या कारखान्यांत गेली. मजुरी चांगली होती, कुणी बांधून नेलं नव्हतं, मनात आलं तेव्हा परतही आली. परत आली ती छातीत दगडाची पूड घेऊन. सिलिकोसिस. मानवाधिकार आयोगाने 2010 मध्ये 238 मृतांच्या घरच्यांना 3-3 लाख द्यायला सांगितलं, आणि ते मिळावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला 2016 मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. ही माणसं गुलाम नव्हती. माझ्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना माहेर होतं. मरायला तिथेच आली.

‘‘मग?’’ मामा म्हणाले.

‘‘मग काही नाही. व्याख्या तोकडी आहे.’’

‘‘असू दे. तोकडी व्याख्या सैल व्याख्येपेक्षा बरी.’’

सकाळी देवासची बस पकडायची म्हणून मी लवकर उठले. मामा माझ्याआधी उठून टेबलाशी बसले होते, चष्मा नाकावर, समोर माझा खर्डा आणि तेच लाल पेन. ‘गुलाम’खालची रेघ तशीच होती. खोडलेलं मात्र काही नव्हतं.

‘‘ठेवायचा तर ठेव,’’ ते म्हणाले. ‘‘पण तू अर्जात ‘धार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे’ एवढंच लिहिलंयस. हे चालणार नाही. प्रत्येकाचं गाव लिही. फळिया लिही, तालुका लिही. बायकांचं माहेरचं गावही लिही.’’

‘‘बायकांचं माहेर अर्जात कशाला? तो रकाना नसतो.’’

‘‘नसतो तर आखून घे. आणि ती मागे राहिलेली पोरं, त्यांची नावं वर घे, शेवटी नको.’’ त्यांनी पान उलटलं. ‘‘‘कुक्षी’तला उकार ऱ्हस्व आहे. दीर्घ काय काढतेस? वकील झालीस तरी.’’